दोन-सहाचा हात

माप मी डोळ्यानं घेते.
पायरी चढणारीचा हात पदराबाहेर येईतो
मला कळलेलं असतं, दोन-चार की दोन-सहा,
अंगठ्याचं हाड आत दुमडेल की आडवं येईल.
पापाच्या तिकटीला एकतीस वर्षं
असे किती हात दाबले, मोजले नाहीत.

आता समिधा चौगुले नावाची पोर
महिन्याला माझा हात मापते, टेपनं.
मनगटाला एक, तिथून दहा सेंटिमीटरवर एक,
कोपराच्या खाली, कोपराच्या वर.
पेनानं ठिपके काढते, आकडे लिहिते,
मग उजवा हात.
मग वजाबाकी.

डाव्या काखेतल्या चौदा गाठी काढल्यात, ती सांगते,
हातातलं पाणी उतरायच्या वाटा कमी झाल्यात.
सूज येईलच असं नाही.
पण येऊ शकते. सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी, कधीही.
मी म्हटलं, कधी येणार नाही तेवढं सांग.
ती टेप गुंडाळत राहिली.

जुलैत आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा
राजाराम बंधाऱ्याचे फूट-इंच सांगतं.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
शुक्रवार पेठेतल्या घरात खालची फळी
मी चाळीसलाच रिकामी करते.
पण नदीला पट्टी आहे.
हाताला काय?
जरा जड वाटणं,
संध्याकाळी न फिरणारी अंगठी,
ब्लाउजच्या बाहीनं उठवलेली रेघ.
ती रेघ इशाऱ्याची की शिंप्याची, कुणाला विचारू?

त्या हाताला सुई नको. बीपीचा पट्टा नको.
भरलेली घागर नको, चटका नको.
चिरा तर नकोच, मावशी, समिधा म्हणते.
अगं, काच हा माझा धंदा.
दिवसाला चारच चिरा पडल्या तर तो बरा दिवस.

दवाखान्यात नवी नर्स पट्टा घेऊन डावीकडनं आली
तसा मी हात ओढला,
शेवटची बांगडी चढताना नवरी ओढते तसा.

ऑपरेशनच्या सकाळी तिथंच एकीनं कात्री आणली होती.
म्हटलं, ठेव ती. साबण दे.
स्वतःचा पंजा स्वतः दाबला
आणि माझ्या सगळ्या बांगड्या काढून दिल्या,
एकही न वाढता.

आमच्यात बांगडी फुटत नाही.
वाढते.
गिऱ्हाइकाच्या मनगटावर काडकन झाली तरी
मी म्हणते, वाढली गं, दुसरी घालते.
आणि बांगड्या चढवणं म्हणजे हात भरणं.
हे दोन शब्द मी जन्मभर देवघरातल्यासारखे वापरले.
परवा जाऊ म्हणाली, हात भरल्यासारखा दिसतोय का गं?
समिधा म्हणाली, अर्ध्या सेंटिमीटरनं वाढलाय.
मी दोघींकडं नुसतं बघितलं.

रात्री टीव्हीसमोर बसून
बोटांपासून खांद्याकडं हात फिरवते, हलका,
मांजराच्या अंगावरनं फिरवावा इतका हलका.
दाबायचं नाही, तिनं बजावलंय.
एकतीस वर्षं दाबणं हेच काम होतं.

आज वडणग्याची नवरी आली, हिरव्या चुड्याला.
एका हातात अकरा, एका हातात दहा.
तिची आत्या म्हणाली, एक कमी पडली वाटतं.
म्हटलं, नाही. चुडा असाच भरतात.
पोरीचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडं,
मनगटापासून वर गेलेल्या कातडीरंगाच्या बाहीकडं.
हे काय घातलंय मावशी?
बाही.
घट्ट होत नाही?
घट्टच असती ती.
तू मूठ सैल सोड.